पाद्रीबाबांची घंटा

फार पूर्वी एका डोंगराच्या कुशीत दगडफोड्यांची वस्ती होती. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलेले, आणि खाणीच्या मालकाला त्यांच्याकडून फक्त खडी हवी असे. एका पावसाळ्यात, खाण बंद असताना, शहरातल्या मिशनने तिथे एक पाद्रीबाबा पाठवले. माणूस मनाने चांगला, पण ऐकण्यापेक्षा बोलण्याची हौस जास्त. त्यांनी लोकांच्या चिघळलेल्या जखमा धुतल्या, पोरांना पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली, कुडाचे प्रार्थनाघर उभारले. पावसाळा सरला, खाण सुरू झाली आणि शहरातून पितळेची घंटा आली. रविवारी मिशनचे मोठे साहेब येणार होते. घंटेच्या आवाजासरशी सगळी वस्ती प्रार्थनेला आलेली त्यांना बघायची होती.

बुधवारी दुपारी बाबांनी हौसेने दोर ओढला, आणि पाहता पाहता वस्ती रिकामी झाली! बायाबापड्या, पोरंसोरं, लंगडे म्हातारे, सगळे ओढ्यापलीकडे पळाले. बाबा तोंडात बोटे घालून बघत राहिले.

थोड्या वेळाने एक म्हातारी धापा टाकत परत आली.

"बाबा, काढा ती घंटा. खाणीत सुरुंगाची वात पेटवली की वर घंटा वाजवत्यात. शंभर आकडं मोजूस्तोवर जो पळंल तो वाचंल. आमची माणसं दुसरी घंटा जाणत न्हाईत."

"अहो आजी, ही देवाची घंटा आहे," बाबा हसून म्हणाले. "दोन दिवसांत सवय होईल सगळ्यांना."

"व्हईल की. त्येचंच भ्या वाटतंय मला."

बाबांना वाटले, बिचारी अडाणी आहे. गुरुवारी घंटा वाजली तेव्हा निम्मेच लोक पळाले. शुक्रवारी तर कोणी मानसुद्धा वर केली नाही. बाबा खूश झाले.

शनिवारी दुपारी त्यांनी दोर हातात घेतला. आता ओढणार, एवढ्यात घंटा वाजली.

बाबांनी हाताकडे पाहिले. दोर अजून ओढलेला नव्हता.

ही खाणीची घंटा होती. दारात येऊन पाहतात तो खाणीच्या तळाशी हातोडे चालूच होते. ही घंटा बाबांची, असेच सगळे समजून होते. म्हातारीची सूनही तिथेच खडी फोडत होती. बाजूला बाभळीला बांधलेल्या झोळीत तिचे तीन महिन्यांचे लेकरू झोपले होते.

बाबा अनवाणी धावत सुटले. "पळा! ही माझी घंटा नाही! पळा!"

हातोड्यांच्या आवाजात कोणाला काही ऐकू जाईना. बाबांनी पहिल्याच माणसाच्या हातातला हातोडा हिसकावला. "अरे, सुरुंग!"

मग एकच पळापळ झाली. सून झोळीकडे धावली, पण घाईत तिला गाठ सुटेना. बाबांनी झोळी टराटरा फाडली, लेकरू छातीशी धरले आणि सुनेला ओढतच निघाले. ते ओढ्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच डोंगर हादरला. एक धोंडा येऊन बाबांच्या पायावर आदळला. धूळ बसली तेव्हा सगळी माणसे ओढ्यापलीकडे होती आणि बाभळीच्या जागी नुसता दगडांचा ढीग होता.

म्हातारीने आधी लेकराच्या नाकाशी बोट धरून पाहिले. ते रडले, तसे तिने त्याला पोटाशी धरले.

"चूक माझी आहे, आजी," बाबा रडत म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

म्हातारीने पदर फाडून त्यांचा पाय बांधला. संध्याकाळी बाबांनी घंटा खाली उतरवली.

रविवारी साहेब आले आणि चिडले. "घंटा नाही, तर लोक येणार कसे?"

बाबा काठी टेकत दारोदार गेले. "प्रार्थनेला येता का? नाही आलात तरी मलमपट्टी आणि शाळा चालूच राहील, बरं का." काही आले, काही आले नाहीत. म्हातारी मात्र नातवाला घेऊन आली.

"आमची देवी हाय आमाला," ती साहेबांना म्हणाली. "तरी घटकाभर बसते. घंटा ऐकली की आमी पळतो, साहेब. दारात येऊन हाक मारली की येतो."

तात्पर्य: ज्यांचे भले करायला जायचे, त्यांना काही सांगण्याआधी त्यांचे ऐकून घ्यावे.