गोमुखाने उघडलेला शिंपला

एका राज्यात सुवर्णकेतू नावाचा भारी बोलका राजा होता. एकदा विकटदंत मांत्रिक त्याच्या पंक्तीला आला. येताना हौसेने स्वतः रांधलेली आमटी घेऊन आला. राजाने भुरका मारला आणि म्हणाला, "विकटदंता, आमटीत मीठ..."

एवढ्यावरच मांत्रिकाचे माथे भडकले. त्याने राजाचा आवाज मुठीत धरला, शिंपल्यात कोंडला, शिंपला ताटापाशी टाकला आणि म्हणाला, "गोमुखावाचून हा उघडायचा नाही."

राजा मुका झाला. त्या राज्यात राजाच्या शब्दावाचून ना वेस उघडे, ना न्याय होई, ना लग्न लागे. राजकन्या चारुमतीला मात्र एकच दुःख होते. बाबा आता 'चारू' म्हणून हाक मारीत नव्हते.

तिने शिंपला गाईपुढे धरला. गाईने तो चाटला आणि ती गवताकडे वळली. मग तिने तो देवळाच्या कुंडावरच्या दगडी गोमुखाखाली धरला. शिंपला तेवढा स्वच्छ झाला. गोमुखावर बसलेला खंड्या पक्षी म्हणाला, "राजकन्ये, तिसरे गोमुख समुद्रात आहे."

चारुमती समुद्रावर गेली. पंख हलवीत चपट्या पाकट माशांचा कळप काठाशी आला. नाक प्रत्येकीचे मधोमध दुभंगलेले, थेट गाईच्या नाकासारखे. त्यांतली थोरली कपिला फुटाणे खावे तसे शिंपले फोडी, पण हा काही तिला फुटेना.

"याला आमच्या आज्यांचे दात हवेत," कपिला म्हणाली. "आमची काही कुळे अजून पोहतात. कितीतरी संपली. त्यांचे दात काठावरच्या त्या कड्यात दगड होऊन राहिलेत. त्यांना कुणी विचारीत नाही."

कड्यात चारुमतीला पाट्यासारखी सपाट दातांची पट्टी दिसली. ओढून निघेना. तिला फार भूक लागली होती, म्हणून तिने शिदोरी सोडली आणि घरच्या रीतीप्रमाणे पहिला घास गोग्रास म्हणून काढला. गाय कुठली तिथे? तिने तो पट्टीपुढे ठेवला. "आज्यांनो, आधी तुम्ही."

पट्टी आपोआप सुटून तिच्या ओंजळीत आली. कपिलेने ती तोंडात धरली. वर आजीचे दात, खाली नातीचे, मध्ये शिंपला. कट्कन तो उघडला आणि आवाज उडत राजवाड्यात गेला. राजा तेव्हा जेवायला ताटावर बसला होता. त्याचे अडलेले वाक्य पुरे झाले.

"...कसे नेमके पडले आहे!"

गंमत पाहायला आलेल्या विकटदंताने उपरण्यात तोंड लपवले. चारुमती परतली तेव्हा वेस उघडी होती, सनया वाजत होत्या आणि राजा "चारू, चारू" म्हणत वाटेवर उभा होता. ती त्याच्या गळ्यात पडून रडली, मग पोटभर हसली.

तेव्हापासून रोज समुद्रकाठी दोन घास ठेवतात, एक पोहणाऱ्या कुळांसाठी आणि एक दगडातल्या आज्यांसाठी. विकटदंत मुदपाकखान्यात रुजू झाला, आणि राजाचे वाक्य संपेपर्यंत पळी हातात धरून उभा राहू लागला. राजाचे पुरे झाले, तसे तुमचेआमचेही बोलणे पुरे होवो.