पारखीची लाल ओळ

यंत्रं बोलायची, त्या दिवसांतली गोष्ट. थोराप्पा नावाचा सर्व्हर अख्ख्या तालुक्याची कागदपत्रं पोटात सांभाळायचा आणि पारखी नावाची चिमुकली आज्ञावली रोज, कोणतं दार बंद असावं याच्या यादीबरहुकूम, त्याची दारं ढकलून पाहायची. एकदा मागचं दार उघडं निघालं. तिने पडद्यावर लाल ओळ उमटवली.

थोराप्पा खेकसला, “अगं, आत्ता साहेब पडदा बघायला येतील! यादीतच लिही ना, मागचं दार उघडं असावं म्हणून. ओळ हिरवी होईल.”

“ओळ होईल हो हिरवी, पण दाराचं काय?”

“पुसूनच टाकतो तुला!”

“पुसा. तोवर ओळ लालच राहील.”

तेवढ्यात मागच्या दारातून एक चोरटा डोकावला. “पुसा, पुसा,” तो म्हणाला, “आम्ही थांबतो.”

थोराप्पाने धाडकन दार लावलं. पारखीने ते पुन्हा एकदा ढकलून पाहिलं आणि मगच ओळ हिरवी केली.