चकव्याची नवरी आणि हिरवा चुडा

एका उजाड पठारावर एक चकवा राहत होता, आणि पठाराखालच्या नदीच्या डोहात एक आसरा. चकवा म्हणजे वाटसरूंची वाट चुकवणारं भूत. आसरा पाण्यातली, काठाशी आलेल्याचा हात धरायचा आणि आत ओढायचं, हे तिचं काम. दोघांचे धंदे वेगळे, पण गिऱ्हाईक एकच. मग भांडण व्हायचंच!

झालंही तसंच. एकदा भर दुपारी चकव्यानं एका तपकीरवाल्याला गोल गोल फिरवत नेमकं डोहापाशी आणलं. आसरेनं लगेच हात पुढे केला.

"ए, हात मागे घे! हा माझा आहे," चकवा ओरडला. "सकाळपासून फिरवतोय मी त्याला!"

"तुला कुणी सांगितलं होतं फिरवायला? काठाला आला की आमचा."

"आयतं मिळालं की सगळ्यांनाच गोड लागतं!"

"आणि तुझं काय रे? दिवसभर फिरवतोस आणि शेवटी सोडूनच देतोस. मग फिरवतोस कशाला?"

इकडे यांची जुंपलेली, तिकडे तपकीरवाला डबी टाकून धूम पळाला! त्याचं सुटलेलं धोतर बघून आधी आसरा हसली, मग चकवा हसला. झालं! दुसऱ्या दिवसापासून चकवा पठारावर कमी आणि डोहाकाठी जास्त. वाटसरू बिनघोर घरी पोचू लागले. चकव्याचं दुकान बसलं, पण त्याला त्याचं काहीच वाटेना.

पण भुतांचाही एक कायदा असतो. मातीतल्यानं पाण्यातलीशी सोयरीक करायची नाही, असं त्यांच्यात फार जुन्यापासून चालत आलेलं. दोघं लग्न करणार ही बातमी फुटली आणि पठारावरच्या सगळ्या भुतांचा राजा वेताळ दाणदाण पाय आपटत डोहावर आला. पाण्यातून थोरली आसरा वर आली. ती या धाकट्या आसरेची मोठी बहीण आणि डोहाची मालकीण; बाकीच्या बहिणी तळाशी असत.

"ज्याच्या तोंडून जन्मात सरळ गोष्ट निघाली नाही, तो आता लग्न करणार?" वेताळ गरजला.

"आणि आमची ही, हात धरते तो बुडवायलाच," थोरली म्हणाली. "हिच्याबरोबर संसार कोण करणार?"

"एकदा पारखून तरी बघा," चकवा म्हणाला. आसरेनं मान डोलावली.

वेताळ आणि थोरली एकमेकांकडे बघून हसले. एरवी दोघांचं कधी पटत नसे, त्या दिवशी मात्र चटकन पटलं.

"ठीक आहे," वेताळ म्हणाला. "आज पठारावर जो पहिला माणूस येईल त्याला डोहाकाठी आण. पण एकही खोटा शब्द बोलायचा नाही. बोललास, तर या हिवराच्या खोडात कायमचा डांबून टाकीन."

"आणि त्या माणसाचा हात तुझ्या हातात येऊ दे," थोरली धाकटीला म्हणाली. "तू त्याला ओढलंस, तर तळाशी जायचं. पुन्हा वर यायचं नाही. भर दुपार टळून पायाखालची सावली बाहेर सरकायच्या आत हे सगळं झालं पाहिजे."

चकवा वाऱ्यासारखा पठारावर गेला. बघतो तर समोरून एक कासारीण येत होती. डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडात पान. नदीपलीकडच्या गावात लग्न होतं, तिथे ती निघाली होती.

"मावशी, ही उतरणीची वाट धरा. थेट नदीवर जाल," चकवा अदबीनं म्हणाला.

कासारणीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पायांवर नजर येताच थांबली. टाचा पुढे, बोटं मागे!

"अस्सं! चकवा होय? सासूबाई सांगायच्या, चकवा उतरणीला जा म्हणाला की चढणीला लागायचं." आणि ती तरातरा उलटी निघाली.

"अहो मावशी, तिकडे नको! तिकडे नुसते काटे आहेत!"

"काटे आहेत म्हणतोय, म्हणजे रस्ता चांगला असणार," म्हणत ती आणखी जोरात चालायला लागली.

चकव्याला घाम फुटला. जन्मभर खोटं बोलून गिऱ्हाईक फिरवलं, आणि आज खरं बोलतोय तर कुणी घेईना! सावली अजून पायाखाली होती, पण जेमतेम. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, किती सोपं आहे! 'चढणीला जा' एवढंच म्हणायचं, की ही उलटी फिरून आपणहून डोहावर येईल. एक छोटं खोटं, आणि नवरी आपली!

त्यानं तोंड उघडलंही होतं. पण मग वाटलं, खोटं बोलून हिला आणलं तर जिंकलो कुठे? लग्नाच्या पहिल्या दिवशीही मी जुनाच चकवा. आसरेला काय तोंड दाखवू?

तो मटकन खाली बसला. "मावशी, तुमचं बरोबर आहे. मी चकवाच आहे. आता वाट सांगत नाही, पण माझी हकीकत ऐकता का?"

वाट सांगितली असती तर कासारीण थांबली नसती. हकीकत म्हटल्यावर थांबली! चकव्यानं भराभरा सगळं सांगितलं. तपकीरवाला, भांडण, आसरा, वेताळाची आणि थोरलीची अट. काही लपवलं नाही.

"अगं बाई!" कासारणीचे डोळे चमकले. "म्हणजे लग्न आहे? आणि नवरीनं चुडा भरलाय का?"

"नाही. तिच्या हाताला आजवर कुणी काच लावलेली नाही."

"मग चल की! बसलास काय?" ती दोन पावलं आली आणि थबकली. "पण ऐक. तुझी ती नवरी मला ओढणार तर नाही ना?"

आता 'नाही' म्हटलं की काम झालं होतं.

"ठाऊक नाही, मावशी," तो म्हणाला. "आजवर जो हात धरला तो तिनं ओढलाच आहे."

कासारणीनं पान थुंकलं. जरा विचार केला. "पक्का खोटारडा असतास तर असं बोलला नसतास. चल, दाखव तुझी नवरी."

आणि ती त्याच्या मागोमाग सरळ उतरणीला लागली! हिवरावर बसलेला वेताळ हे बघून खाली पडता पडता वाचला.

डोहावर आल्याबरोबर कासारणीनं फतकल मारली, पाटी उघडली आणि सगळा काठ हिरवा झाला. "आण गं हात!"

आसरेनं बिचकत हात पुढे केला. कासारणीनं तो घट्ट धरला. माणसाचा ऊबदार हात! आसरेच्या अंगातून सरसर शिरशिरी गेली. पाण्यातून बहिणी ओरडायला लागल्या, "ओढ! ओढ गं! अशी संधी सोडतात का?" तिची बोटं आपोआप आवळली.

"मेले, हात किती ताठ!" कासारीण खेकसली. "असा आवळलास तर काच रुतेल. सैल सोड. बांगडी भरणाऱ्या बाईच्या हाती हात सोपवून द्यायचा असतो, ठाऊक नाही?"

आसरेला खरंच ठाऊक नव्हतं. हात धरायचा तो ओढायला, एवढंच तिला माहीत. सोपवून द्यायचा असतो, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं चकव्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि एकेक बोट सोडलं.

सर्रकन पहिली बांगडी मनगटावर गेली! मग दुसरी, तिसरी. डोहावर किणकिण उठली. एक बांगडी मध्येच तडकली, तशी कासारीण म्हणाली, "वाढली गं, असू दे. नव्या बांगड्यांत एखादी वाढतेच." दोन्ही हात भरून झाले, तेव्हा सावली नुकती पायाखालून बाहेर डोकावत होती. कासारीण काठावर जशीच्या तशी कोरडी!

वेताळ खाकरला. "बोलला खरं, काय करणार? माझी हरकत नाही."

सगळ्यांचे डोळे थोरलीकडे गेले. तिनं धाकटीच्या हाताकडे पाहिलं. मग ती काठाशी आली आणि आपला शेवाळलेला हात कासारणीपुढे केला.

"लग्नघरात सगळ्याच बायका भरतात ना?" तिनं हळूच विचारलं.

"भरतात की!" कासारीण हसली. "सोडा बघू सैल."

थोरलीनं हात सैल सोडला.

तात्पर्य काय, तर खोट्यानं माणूस जवळ आणता येतो आणि बळानं धरून ठेवता येतो, पण तो आपला होतो ते खरं सांगितल्यावर आणि हात सैल सोडल्यावरच.