उतारावरची परीक्षा

घाटाखालच्या शेवंताक्काच्या नवऱ्याला डायलिसिससाठी घाटावरच्या दवाखान्यात न्यावं लागे. अशा पेशंटांसाठी दवाखान्याचा ट्रस्ट इलेक्ट्रिक गाडी घेणार होता आणि अध्यक्ष हिंदुराव दोनपैकी मोठ्या गाडीवर अडून बसले होते. त्या गाडीचं शोरूम त्यांच्या जावयाचं. ट्रस्टवर एकटीच बाई असलेल्या आक्काला तिथंच संशयाचा वास आला.

“मोठी अर्ध्या तासात चार्ज होते,” हिंदुराव म्हणाले. “लहानीला रात्र लागते.”

“अर्ध्या तासाचा चार्जर दवाखान्यात आहे का?”

“शहरात आहे.”

“मग इथल्या साध्या प्लगवर मोठीला रात्रसुद्धा पुरायची नाही.”

बाईमाणसाला बॅटरीतलं काय कळतं, असा चेहरा करून हिंदुरावांनी चाचणी ठरवली. दोन्ही गाड्यांत सारखंच थोडं चार्जिंग ठेवून त्या दवाखान्यापासून घाट उतरवल्या. उतारावर ब्रेक लागेल तशी जड, मोठ्या गाडीची बॅटरी उलट भरत आली. पायथ्याशी तिच्या स्क्रीनवर परतीच्या अंतराच्या दुप्पट रेंज झळकली. लहानीची बरीच कमी.

“आता तरी पटलं का, आक्का? यंत्र खोटं बोलत नाही.”

“पटलं. मोठीच घेऊ,” आक्का म्हणाली. सोबत आलेले ट्रस्टचे सभासद बघतच राहिले. “फक्त हा आकडा उताराच्या हिशोबाचा आहे, आणि माझा नवरा खालून वर जातो. आज त्याच्या जागी तुम्ही बसा आणि चार्ज न करता वर चला. मध्येच बंद पडली तर ढकलायला जावयाला बोलवू. आम्ही लहानीतून येतो.”

हिंदुरावांनी वर चढत गेलेला घाट पाहिला, स्क्रीन पाहिली आणि लहान गाडीचं दार उघडलं.

“चढाला हलकीच बरी,” ते पुटपुटले.

आक्का सभासदांकडे वळली. “ऐकलंत ना? गाडी अध्यक्षांनी निवडली.”