वरचा सा आणि ज्येष्ठमधाची काडी

“आवाज परत येईल ना, दाजी?”

मार्तंडबुवांनी विचारलं खरं, पण प्रश्न घोगऱ्या कुजबुजीतच विरला.

पित्ताशयाचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. भूल देताना घशात नळी घातली होती, तिनं घसा सोलवटला होता. चार-आठ दिवसांत आपोआप बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण रामनवमीचं कीर्तन आठ दिवसांवर आलेलं. पंचक्रोशीत बुवांच्या आवाजाला तोड नव्हती, आणि हे बुवांना इतरांपेक्षा थोडं जास्तच ठाऊक होतं.

दाजी वैद्य ओटीवर औषध खलत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “काय काय घेतलंत?”

“हळद-मिठाच्या गुळण्या, अडुळसा, तुळशीचा काढा, आलं-मध... काही म्हणून ठेवलं नाही.”

“आणि मधल्या वेळात?”

“मधल्या वेळात काय? आवाज लागतोय का ते बघतो. तासा-दीड तासानं एकदा वरचा सा.”

बुवांनी तिथल्या तिथे खाकरून सा लावून दाखवला. माडावरचा कावळा उडाला.

बुवांचे डोळे भरून आले. “आवाजच गेला तर माझं उरलं काय हो?”

दाजी उठले. आत गेले आणि ज्येष्ठमधाची करंगळीएवढी काडी घेऊन आले.

“गालात धरायची. काडी तोंडात असताना बोलायचं नाही. जेवताना तेवढी काढायची.”

“मग जेवताना...?”

“जेवताना बोलू नये, हे तुम्हीच कीर्तनात सांगता.”

बुवा चडफडत घरी गेले.

पाचव्या दिवशी पायरी चढता चढताच त्यांनी हाक मारली, “दाजीऽऽ!”

हाक स्वच्छ होती, पूर्वीसारखी गोल. बुवांचा जीव भांड्यात पडला. ते पायरीवरच मटकन बसले आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

“काय गुण आहे तुमच्या औषधाला! पण एक कळत नाही...” त्यांनी खिशातून चांदीची डबी काढली. “हाच ज्येष्ठमध वीस वर्षं माझ्याजवळ आहे. ऑपरेशननंतरही चघळत होतो. मग मला गुण का आला नाही?”

दाजींनी डबी उघडली. काडी हुंगली. डबी बंद करून परत दिली...

“औषध उत्तम आहे, बुवा. तुम्ही ते घशाला देत होतात. मी तोंडाला दिलं.”