बंड्याची ताटली

"पण अप्पा, रक्त चांगलं, लिव्हर चांगलं, ताप नाही... मग हा खात का नाही?"

मृण्मयीने रिपोर्ट टेबलावर आपटलेच. पशुवैद्यकीत सुवर्णपदक घेऊन आलेली पोरगी. एक साधा गावठी कुत्रा चार दिवस तिला दाद देत नव्हता, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. आणि तिचे गुरू, पन्नास वर्षं मुक्या जनावरांचे डॉक्टर असलेले अप्पा रणसुभे, खुशाल चष्मा पुसत बसलेले!

"सलाईन झालं, भुकेचं इंजेक्शन झालं. असंच चाललं तर आठवडा काढायचा नाही हा."

बाकावर रिटायर पोस्टमन शेडगे बसले होते. पायाशी बंड्या, नुसता हाडांचा सापळा. शेडग्यांची बायको गेल्या महिन्यात वारली. दिवसकार्याला आलेली लेक सोमवारी सासरी परतली, आणि त्याच दिवसापासून बंड्याने तोंड मिटलं.

"त्याला हिची आठवण येते हो..." शेडग्यांनी बंड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "डोळ्यांदेखत हाही गेला, तर मी घरात कुणाकडे बघायचं?"

अप्पांनी चष्मा चढवला.

"लेक होती तोवर खात होता?"

"व्यवस्थित."

"घरी वाढायची पद्धत कशी?"

मृण्मयीला हसू आवरेना. म्हणे वाढायची पद्धत!

"हिचा दंडकच होता. घरातली सगळी जेवून उठली, की मग बंड्याची ताटली. तोवर हा दारात बसून राहायचा. लेकीनंही तेच चालवलं. आता मी मात्र त्याला आधी वाढतो. दूधभाकरी कुस्करून तोंडापुढे धरतो..."

"आणि तुम्ही?"

शेडगे बंड्याच्या कानामागे खाजवायला लागले.

"तुम्ही कधी जेवलात?"

"चहा होतो की... दोनतीनदा."

अप्पा उठले. आतून स्वतःचा डबा आणला आणि कुत्र्याकडे ढुंकूनही न बघता शेडग्यांच्या मांडीवर ठेवला.

"जेवा."

"अप्पा, पेशंट खाली आहे!" मृण्मयीला राहवलं नाही.

"जेवा म्हटलं ना!"

शेडग्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. घास तोंडात फिरायला लागला, गिळवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी त्यांनी तो गिळला. मग दुसरा... तिसरा.

बंड्याने मान उचलली होती. प्रत्येक घासावर त्याची नजर.

शेडगे हात धुऊन बसले. तेव्हा कुठे अप्पांनी उरलेली चतकोर भाकरी पाण्यात भिजवून जमिनीवर ठेवली.

बंड्या लटपटत उभा राहिला. हुंगलं. धन्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं. आणि खायला लागला.

"खातोय! अहो, खातोय की!" शेडगे हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दोघं गेले. मृण्मयी दारात उभी राहून त्यांची पाठमोरी जोडी बघत राहिली. तिचा सगळा तोरा उतरला होता, आणि का कोण जाणे, तिला आज फार एकटं वाटत होतं.

"अप्पा... भुकेचं कळलं मला. पण घरी गेल्यावर दोघं गेलेल्या काकूंची वाट बघतच बसणार ना? त्या आठवणीवर काय औषध द्यायचं?"

अप्पा रिकामा डबा उचलून नळाकडे निघाले.

"आठवण आजारी कुठंय, पोरी?"