नरहरीचा टॅग

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव नरहरी. सांगितलेलं ऐकायचा आणि ऐकलेलं तंतोतंत करायचा. देवाने एवढाच दोष दिला होता, पण भरघोस दिला होता.

तो उज्ज्वलाताईंच्या दुकानात लागला. तिथे वेबसाइटवर लग्नपत्रिका बनायच्या. नोकरी पक्की झाली तरच केशरचे वडील मुलगी देणार होते, आणि नरहरीचा केशरवर फार जीव.

ताई म्हणाल्या, "लोक नावाच्या रकान्यात नको तो कोड घुसवतात. मजकूर धुऊन घेत जा, म्हणजे असला कोड निघून जाईल."

नरहरीने अख्खी पत्रिका जोडली, मग धुण्याचं काम करणाऱ्या साध्या फंक्शनला दिली. फंक्शनने आगाऊ कोड धुतला, आणि ताईंची सोनेरी अक्षरं नि झेंडूची चौकटही धुतली, कारण तीही कोडचीच होती. पत्रिका श्राद्धाची वाटायला लागली.

"अरे, मिसळ कालवल्यावर मटकी वेगळी निघते का?" ताई म्हणाल्या. "वाक्यात जागा सोड, तिथे बाहेरचा शब्द बसव आणि त्या साच्याला, म्हणजे टेम्प्लेटला, टॅग लाव. मग आपलं वेगळं, बाहेरचं वेगळं हाती येतं. बाहेरचं धुवायचं. आपलं असेल त्याला हात लावायचा नाही."

"टॅग लावायचा," नरहरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटांची बेरीज करायची होती. मुलीकडची दोनशे, मुलाकडची तीनशे. नरहरीने टॅग लावला. टॅगच्या हाती आधी शब्द पडतात, मग आकडे. इथे शब्दच नव्हते, आकड्यांच्या आगेमागे नुसत्या तीन रिकाम्या जागा. त्या जोडताना बेरजेत दोन स्वल्पविराम आले आणि त्यांच्यामागे आकडे एकमेकांना चिकटले. आचाऱ्याला निरोप गेला, ताटं दोन लाख तीनशे.

आचाऱ्याचा फोन आला. "ताई, वरणाला टँकर मागवू का?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "नरहरी, नुसत्या आकड्यांना साधं फंक्शन पुरे. आपल्यांच्या मधे कुणी बाहेरचं येऊन बसलं, तरच टॅग. बाहेरचं धुवायचं, आणि आपलं?"

"हात लावायचा नाही."

"आता कळलं?"

"कळलं."

आणि खरंच कळलं. त्याने सगळा कोड नीट केला. ताईंनी नोकरी पक्की केली.

रविवारी केशरचे वडील सोयरीक ठरवायला नरहरीच्या घरी आले. ओट्यावर एकीकडे काका, दुसरीकडे मामा. वडील मधे टेकले. नरहरीने बघितलं. हे आपले, ते आपले, मधले बाहेरचे. तो न्हाणीघरात गेला, बादली आणली आणि त्यांच्या डोक्यावर ओतली.

"मेल्या, हे काय केलंस?" आई ओरडली.

"बाहेरचे होते. धुऊन घेतले."

"बाहेरचे कुठले? आता आपलेच की रे ते," म्हणत आईने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

नरहरी ओशाळला. चूक झाली होती खरी. त्याने टॉवेल हळूच काढून घेतला, घडी घातली आणि आईला परत दिला.

"आपले असले तर हात लावायचा नाही," तो म्हणाला.

केशरचे वडील तसेच निथळत एसटी स्टँडवर गेले.

पुढच्या महिन्यात केशरची पत्रिका ताईंच्याच दुकानात आली. नवरदेव बाहेरगावचा. नरहरीने टॅग लावला, त्याचं नाव धुऊन घेतलं, केशरच्या नावाला हात लावला नाही. मग हसतहसत पत्रिका ताईंपुढे धरली.

"बघा ताई, या खेपेला एकसुद्धा चूक नाही."